ॲपवर पाळत ठेवणारे देवमनकाका

खासगी बोलायचं असलं की अनसिंगचे देवमनकाका आधी मोबाइल तुरीच्या डाळीच्या डब्यात टाकतात आणि झाकण लावतात. "त्याले कान हायेत," असं हळूच सांगतात. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आता संशय घेणं हाच त्यांचा पूर्णवेळचा उद्योग.

माझं काम नेमकं त्या मोबाइलशीच होतं. दारू कमी करायला मोबाइलवरचं ॲप खरंच उपयोगी पडतं का, याचा पुरावा गोळा करणाऱ्या अभ्यासात मी मुलाखती घेत होते. ॲप रोज संध्याकाळी विचारायचं, आज घेतली का, किती घेतली. काका स्वतःहून नाव नोंदवायला आले आणि आल्या आल्या माझीच मुलाखत सुरू केली.

"बाई, हे कोन इचारून राह्यलं? सरकार का दारूवाला?"

"कोणी नाही काका. मशीन आहे."

"मशीनले काय करायचं मी किती पेतो ते?"

उत्तरांवर नाव नसतं, फक्त एक क्रमांक असतो, हे त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. तरी सुरुवातीला, न पिताच 'घेतली' असं लिहून, पोलीस येतात का ते पाहत ओट्यावर बसले. कोणी आलं नाही, तेव्हा कुठे खरं लिहायला लागले. माझ्या पुराव्याचं काय झालं, ते विचारू नका.

पुढे ॲप सांगायला लागलं की काकांचं पिणं कमी होतंय. पण पिणाऱ्याच्या नुसत्या शब्दावर अभ्यास चालत नाही. त्यांच्या परवानगीनं जवळच्या कुणाला तरी विचारावं लागतं. मी भावाचं नाव सुचवलं.

"तो खोटारडा."

"शेजारी?"

"तो मह्यासंगच पेत होता."

मग डाळीच्या डब्यातून मोबाइल काढून त्यांनी एक नंबर दाखवला. "पोरगी हाय. मानोऱ्याले देली. तिच्या पोराच्या बारशाले मी पिऊन गेलो. तवापासून मह्या फोन उचलत नाही. तुमचा उचलन."

तिनं उचलला. काका शेजारी ऐकताहेत हे सांगूनच मी विचारलं, वडिलांचं पिणं कमी झालंय का?

"त्यायनंच लावाले सांगतलं का तुमाले?" संशय घराण्यातलाच होता. मग म्हणाली, "मले काय माहीत. येऊन पाहीन, मंग सांगीन."

फोन ठेवला. ती कधी येणार, असं काका विचारतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "तिले म्हना, न सांगता ये. सांगून आली तं तिले वाटन, बुढ्यानं तेवढ्यापुरती बंद केली."