एका वाटीचा बोजा

विषय : घर क्र. २१४ वरील एका वाटीचा बोजा उतरवून बेबाकी दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : श्रीमती मालनबाई उंडाळे यांचा अर्ज.

किन्हवड्यात शेजाऱ्याचं भांडं घरात राहिलं की घराच्या उताऱ्यावर त्याचा बोजा चढतो, आणि त्या घरचं माणूस बसलं असेल तर एस.टी. वेशीपुढं सरकत नाही. म्हणून कंडक्टर आधी दाखला बघतो, मग तिकीट फाडतो.

मालनबाईंना कायमचं न्यायला सुरेंद्र चार दिवसांच्या रजेवर वापीहून आला होता. आईचे गुडघे गेले होते आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. उताऱ्यावर नोंद एकच होती : शेजारच्या सिंधूताई कुलथ्यांची स्टीलची वाटी, आमटीसकट आलेली.

नियम सरळ होता. पंचांसमोर, ज्यानं भांडं घेतलं त्याच्याच हातानं, ते रिकामं परत करायचं. मालनबाई दोनदा गेल्या. पहिल्यांदा वाटीत साखर निघाली, दुसऱ्यांदा चार शेंगदाणे. नगरपरिषदेचे लिपिक हणबर यांनी दोन्ही पंचनाम्यांवर ‘भांडे रिकामे नाही’ असा शेरा मारला. रागावले मात्र नाहीत; त्यांच्या घरावर सासुरवाडीचं पातेलं होतं.

“आई, चार दाण्यांपायी माझी नोकरी जाईल,” सुरेंद्र म्हणाला.

“रिकामी वाटी कुणाच्या दारात नेतात का रे?”

पण चौथ्या दिवशी लेकाचं तोंड बघून त्यांनी वाटी पुसली आणि पदराखाली झाकून नेली. एकतीस वर्षांत त्या दोन घरांत रिकामं भांडं फिरलं नव्हतं. सिंधूताईंनी वाटी घेतली, आत बघितलं आणि घरात गेल्या.

हणबरांनी तिथंच दारात दाखला लिहिला, शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली. तेवढ्यात सिंधूताई बाहेर आल्या. वाटीत वाफाळती आमटी होती.

“वाटंत भूक लागंल,” त्या म्हणाल्या.

मालनबाईंचे दोन्ही हात सवयीनं पुढं झाले.

हणबरांनी वाटीकडं बघितलं, दाखल्याकडं बघितलं.

“मालनबाई, घेतलीत?”

“घेतली.”

“मग नवा अर्ज करा.” त्यांनी दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली.

सुरेंद्र संध्याकाळच्या गाडीनं एकटाच गेला. त्याचं घर आता वापीला; गाडी लगेच सुटली. मालनबाईंनी दुसऱ्या दिवशी अर्ज दिला, त्याला आता चौदा महिने झाले. वाटी धुऊन फळीवर पालथी ठेवलेली आहे. पंचनाम्याची तारीख लागली की मालनबाईंच्या घरची साखर नेमकी संपलेली असते, आणि ती सिंधूताईंकडून त्याच वाटीत आणावी लागते.

अर्ज प्रलंबित आहे.