पाठीवर पडून जिंकायचा डाव

सुंदरा माहेरी जाऊन बसली होती, आणि त्याला कारण नवऱ्याचं तोंड होतं. जेवताना पोपट सहज बोलून गेला, "तुजा भाऊ कसला पैलवान. कोंड्याचं पोतं हाय."

सुंदराने त्याच्यापुढचं ताट उचललं. त्यात अजून भात होता.

"मग जत्रंत त्या पोत्याला झोपवा. नायतर समद्या गावादेखत म्हना, सखा खरा पैलवान. तवर मी म्हायेरी, कशेळ्याला."

दोन्ही अवघड होतं. सखाने त्याला आजवर तीनदा चीत केलं होतं. त्यातलं एकदा लग्नाच्या मांडवात.

नेमका तेव्हाच पोपटचा दोस्त सहदेव पलटणीतून त्यांच्या गावी, कडावला परतला. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. त्याने एक पत्र्याची ट्रंक आणली आणि जुजुत्सू आणलं. ही जपानी कुस्ती त्याला पलटणीतल्या उस्तादाने शिकवली होती.

"समोरचा वाकून अंगावर आला, की त्याची मान आपल्या काखंत," सहदेव म्हणाला. "हात गळ्याखालून घालायचा, दुसऱ्या हातानं मनगट धरायचं, छाती वर काढायची. धा मोजायच्या आत झोपतो."

"म्हंजी मरतो?"

"झोपतो रं. सोडला की उठतो."

पायरी पहिली. मान काखेत. माणूस मिळेना, म्हणून पेंढ्याचा भारा.

पायरी तिसरी. मनगट. (दुसरी चालू असताना म्हैस सुटली. ती पायरी राहिली ती राहिलीच.)

पायरी शेवटची. दोन्ही पायांनी कमरेला विळखा घालून मागे पडायचं. सगळा जोर गळ्यावर येतो.

पोपट महिनाभर मागे पडला. पुढेपुढे भारा नुसता दिसला, तरी पडायचा. भारा एकदाही जिंकला नाही.

जत्रा. मधे मोकळी केलेली माती, भोवती माणसं, बायकांची गर्दी देवळाच्या पायऱ्यांवर. पंच होते शाळेचे नाना मास्तर.

सखा शड्डू ठोकत वाकून आला.

मान काखेत.

मनगट.

"दाजी, ह्यो कंचा डाव," सखा काखेतून म्हणाला. त्यापुढे काही म्हणाला नाही.

पोपटने विळखा घातला आणि मागे पडला. पाच, सहा, सात. आठाला सखाचे हात लोंबले. पोपटने पकड सोडली आणि हसऱ्या तोंडाने पडून राहिला.

कुणी टाळी वाजवेना. नाना मास्तर ओणवे झाले.

"पोपट, सखाची पाठ कुठे आहे?"

पोपटने पाहिलं. "वर."

"आणि तुझी?"

पोपटचं हसू मावळलं.

"लढाईत पाठ टेकली म्हनून कोन हरत नाय," सहदेव गर्दीतून म्हणाला.

"ही जत्रा आहे, सहदेव. गळा आवळला ती चूक निराळीच, पण तिच्यापर्यंत जायचं कारणच नाही. सखा जिंकला."

जिंकलेला सखा घोरत होता. दोघांनी त्याला बसवून धरला, तिसऱ्याने डोक्याला फेटा बांधला, चौथ्याने तोंडावर पाणी मारलं. पोपट गुडघे टेकून त्याच्या समोर थांबला. बायको परत यायची, तर आता ते वाक्य म्हणणं आलं, आणि ऐकणारा जागा हवा.

सखाने डोळे उघडले. पोपटचं तोंड वीतभर अंतरावर होतं. सखाने दोन्ही हातांनी गळा झाकला.

"दाजी, तुमीच जिकला."

"नाय रं. तू खरा पैलवान. गावादेखत सांगतो."

"मला आभाळ दिसंना झालं, आनि मी पैलवान?"

"पाठ माजी टेकली."

"मी या जगात नव्हतो. पाठीचं काय घेऊन बसला?"

सखाने फेटा काढून पोपटच्या डोक्यावर ठेवला. पोपटने तो परत सखाच्या डोक्यावर ठेवला. लोकांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

"मी निकाल दिलेला आहे," नाना मास्तर म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

सुंदरा पायऱ्या उतरून आली. नवरा मी हरलो म्हणत होता, भाऊही मी हरलो म्हणत होता, आणि दोघंही हट्टाला पेटले होते. ती पदर खोचून चालू लागली.

"आक्का," सखाने हाक मारली, "घर हिकडं हाय."

"तुजं," सुंदरा न थांबता म्हणाली. "माजं कडावला."