हरीनानांचे आपलेवाले

सकाळी साडेसातनंतर आमच्या आळीत कुणी जागचं हललं, की अमेरिकेत माणसं हरतात. हे मी म्हणत नाही, हरीनाना म्हसे म्हणतात, आणि आमच्या पोशीर गावात नानांच्या तोंडाला लागण्याची कुणाची टाप नाही.

नानांच्या ओटीचा डावीकडचा खांब माझा. गेल्या वर्षी मी सहज शेजारधर्माने त्याला टेकून चहा पीत बसलो होतो, आणि तेवढ्यात आपलेवाले हरता हरता जिंकले. झालं! तेव्हापासून मॅच असली की मी त्याच खांबाला टेकायचं, मांडी बदलायची नाही आणि कप हातातून खाली ठेवायचा नाही. चहा कधीच संपलेला असतो, पण कप धरायचा. माझं नेरळला औषधाचं दुकान आहे. ते किती वाजता उघडायचं हे हल्ली मी ठरवत नाही, तिकडचा बोलर ठरवतो.

त्याला बोलर म्हणत नाहीत, पिचर म्हणतात. नानांनी मला यावरून दहादा झापलंय. आपलेवाले हा बेसबॉलचा संघ आहे, अमेरिकेच्या पार पश्चिम किनाऱ्यावरच्या एका शहराचा. संघाचं खरं नाव नानांच्या जिभेला वळत नाही, म्हणून आळीत सगळेच आपलेवाले म्हणतात. नानांचा मुलगा दिनेश त्या शहरात नोकरीला आहे. तिथली संध्याकाळ म्हणजे इथली सकाळ. मॅच आपल्याकडच्या टीव्हीवर लागत नाही, म्हणून दिनेश कामावरून घरी आला की नानांना व्हिडिओ कॉल लावतो, फोन सोफ्याशेजारच्या टेबलावर टीव्हीच्या दिशेने उभा करतो आणि स्वतः सोफ्यावर पसरतो. इकडे नाना आंघोळ उरकून, पाटावर तांब्या ठेवून, त्याला आपला फोन टेकवून बसतात. माझा खांब समोर असल्यामुळे मला फोनची फक्त पाठ दिसते. त्यामुळे मी आजवर जेवढं बेसबॉल पाहिलं, ते सगळं नानांच्या तोंडावर.

खेळ मला त्यांनीच शिकवला. "ह्ये बघ सुरेस, चौकोनी खाचर हाय असं समज. हितनं दांडू हानायचा, आन् बांधाबांधानं पळत सुटायचं. पयला बांध, दुसरा बांध, तिसरा बांध, आन् परत घरी. घरी आला तर रन. मधी कुटं अडाकला तर समदं फुकट."

"म्हणजे नुसतं पळायचं?"

"पळतं रं कोनीबी. घरी येनं अवघड."

मग ते माझ्याकडे न बघता तांब्या उगाच जरा सरळ करायचे.

दिनेशने पाठवलेली टोपी नाना शेतावर घालतात, दुकानावर घालतात, आणि एकदा एका तेराव्यालाही घालून आले होते. आपलेवाले मागे पडले की तिकडचे लोक टोप्या उलट्या करून, अस्तर बाहेर काढून घालतात, असं दिनेशने एकदा सांगितलं. नानांनी ताबडतोब ते आळीला लागू केलं. माझ्याकडे टोपी नव्हती, म्हणून शर्ट उलटा घालायचा हुकूम सुटला. त्या दिवशी आपलेवाले जिंकले आणि मी आनंदाच्या भरात तसाच नेरळला गेलो. दुपारी एका बाईने खोकल्याचं औषध घेता घेता विचारलं, घरी सगळं बरं आहे ना.

एवढं हसून झाल्यावर आता खरी गोष्ट सांगतो. हा खेळ चैत्राच्या सुमारास सुरू होतो आणि भाद्रपद-आश्विनात साखळी संपते. वरचे काही संघ बाद फेरीत जातात, त्यांच्या मॅचेस पुढे चालू राहतात. बाकीच्यांचं दुकान थेट पुढच्या चैत्रापर्यंत बंद. गेल्या वर्षी आपलेवाले साखळीतच गळाले. त्यानंतर दिनेशचा फोन दिवाळीला आला, एकदा संक्रांतीला आला, आणि मग पाडव्यानंतर पहिल्या मॅचलाच आला. पोरगा वाईट नाही. कामाच्या रगाड्यात असतो, एकटा राहतो, मॅच असली की त्याला बापाची आठवण राहते. तेव्हा आपलेवाले जिंकत राहिले तर नानांच्या घरात पोराचा आवाज येणार, हरले की नाही. नानी गेल्यापासून त्या घरात दुसरा आवाज तो काय, भिंतीवरच्या घड्याळाचा.

"तुम्हीच लावा की फोन," असं मी गेल्या हिवाळ्यात म्हणालो होतो.

"कामाशिवाय फोन नाय," नाना म्हणाले.

हे त्यांचं ब्रीदवाक्य. नानांनी उभी हयात माथेरानच्या एका हॉटेलात आचारी म्हणून काढली. तिथे गल्ल्याजवळ काळा फोन होता आणि त्याच्या डायलला कुलूप. मालक म्हणायचा, कामाशिवाय फोन नाही. दिनेश जन्मला ती बातमी नानांना एका घोडेवाल्याकडून कळली, तीही दुसऱ्या दिवशी. कसं आहे पोर, कशी आहे बायको, विचारायला फोन चार हातांवर होता. "मग कुलूप काढून मागायचं ना!" मी म्हणालो. तर नाना म्हणतात, "त्ये काय हाटेलचं काम व्हतं का?" हॉटेल सुटून वर्षं लोटली, पण ते कुलूप काही निघालं नाही. "लावून बोलू काय? जेवलास का? ह्ये काय काम झालं?"

या वर्षी गोष्ट शेवटच्या दोन मॅचेसवर आली. दोन्हींतली एक जिंकली की बाद फेरी. नवरात्र चालू होतं. नानांनी काय करावं? संध्याकाळी गावदेवीला कौल लावायला गेले. मला साक्षीदार म्हणून बरोबर नेलं.

आमचा बबन गुरव तसा चेष्टेखोर, पण देवीच्या बाबतीत कडक. देवीच्या दोन्ही खांद्यांवर तो पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. नानांनी मागणं सांगितल्यावर त्याने हातातली पाकळी तशीच ठेवली.

"नाना, देवीचा कारभार शिवेपातूर. शिवेपल्याड कोन हरतं, कोन जिकतं, ती न्हाय बघत."

"पोरगं कोनाचं? ह्याच शिवेतलं ना?"

"पोरगं खेळतंय का पन?"

"बघतंय ना!" नाना कडाडले. "तू लाव रं पाकळी."

बबनने पाकळ्या लावल्या आणि खड्या आवाजात विचारलं, "आई, नानाचं आपलेवालं उद्या जिकनार का?" आम्ही तिघं श्वास धरून उभे. किती वेळ काही हलेना. मग उजवी पाकळी घसरली. नानांनी तिथल्या तिथे नारळ फोडला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपलेवाले सपाटून हरले. नाना टोपी न घालताच देवळात गेले. मी मागून धावलो, कारण आता बबनचं काही खरं नव्हतं. पण बबन कच्च्या गुरूचा चेला नव्हे.

"नाना, आपुन काल सांजच्याला इचारलं. तवा तुमच्या पोराकडं काय व्हतं?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोटांवर मोजून सांगितलं, की तेव्हा तिकडे कालचीच पहाट होती.

"मग आज सकाळी आपुन बघितली ती म्याच थितं कवा झाली?"

"कालच्याच संध्याकाळी," मी म्हणालो.

"घ्या! आईनं उद्याची सांगितली, तुमी आजची बघितली!" बबन मांडीवर थाप मारून म्हणाला. "आईनं पोराच्या गावचा उद्या धरला. शेवटची म्याच तुमचीच."

तुम्ही हसाल, पण तो हिशोब पक्का होता. मी रात्री पुन्हा करून पाहिला. मी विज्ञान शाखेचा पदवीधर, देवळात नमस्कार करून पाठ फिरवणारा माणूस. तरी त्या रात्री मला बरं वाटलं.

शेवटच्या मॅचला बबनही आला. त्याला नानांनी उंबऱ्यावर बसवलं आणि पाय आत घ्यायचे नाहीत अशी ताकीद दिली. मी खांबाला टेकलो, कप हातात घेतला. फोन वाजला आणि दिनेशचा आवाज आला, "बाबा, बसलात का?" नानांचा चेहरा असा काही उजळला, की मी दुसरीकडे पाहिलं.

मॅच पुढे सरकेना. एक रन त्यांचा, एक आपला. मग त्यांचा आणखी एक. नानांनी टोपी उलटी केली, मी शर्ट उलटा केला, बबनने उपरणं उलटं घेतलं. दुकानाच्या पोऱ्याचे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. माझ्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही तेच कळेनासं झालं.

"बाबा, शेवटचा डाव," दिनेश म्हणाला. "एकच रन मागे आहोत. दोन गडी बाद झालेत, दोन बांधांवर उभे आहेत. आता हा शेवटचा."

नाना पाटाची कड धरून फोनवर वाकले.

"मारला! बाबा, लांब मारला! गेला, गेला..."

तेवढ्यात नानांचा हात तांब्याला लागला. तांब्या कलंडला, फोन ओटीवरून खाली निघाला. मी काय केलं ते मला नंतर कळलं. कप फेकून, मुंग्या आलेल्या पायावर मी झेप घेतली आणि फोन वरच्या वर धरला.

"...पकडला," दिनेश म्हणाला. "कुंपणाजवळ पकडला. गेली, बाबा."

"तुमी हलला!" बबन उंबऱ्यावरून ओरडला. ते मला गावात अजूनही ऐकावं लागतं.

पण मी त्याच्याकडे बघत नव्हतो. फोनचा पडदा पहिल्यांदाच माझ्यासमोर होता. टीव्ही कोपऱ्यात आगपेटीएवढा, नुसता हिरवा उजेड. चेंडू सोडा, माणूस ओळखू येत नव्हता. बाकी सगळ्या पडद्यावर दिनेश होता. मोज्यातले पाय समोरच्या स्टुलावर, मांडीवर वाटी, बाजूने दिसणारं डोकं. नानांच्या काचबिंदूचे थेंब माझ्याच दुकानातून येतात. त्यांना किती दिसतं ते मला ठाऊक आहे.

"नाना, यात चेंडू दिसतो कुठे?" मी हळूच विचारलं.

"चेंडू कशाला दिसाया हवा?" नानांनी फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ धरला. "टक्कल पडाया लागलंय त्याला. त्याच्या मामावानी." मग फोनमध्ये म्हणाले, "असू दे रं. पोरं चांगली खेळली. आता कवा?"

"आता एकदम पाडव्यानंतर, बाबा."

"बरं. जेव जा."

पडदा काळा झाला. नानांनी मला दोष दिला नाही, देवीलाही दिला नाही. टोपी सुलटी केली, खुंटीला अडकवली आणि आत गेले. बबन चपला घालून निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाला निघालो तर नाना ओटीवर बसलेले. आंघोळ झालेली, डोक्यावर टोपी, समोर पाट, तांब्या, तांब्याला टेकलेला फोन. मला पुढे जाववेना. मी गुपचूप माझ्या खांबाला जाऊन टेकलो. दोघं त्या फोनकडे बघत बसलो. साडेसात होऊन गेले. मला रडू येईल असं वाटायला लागलं.

"सुरेस," नाना एकदम म्हणाले, "थंडीत काय खेळत्यात रं ती लोकं?"

मी डोकं खाजवलं. "बास्केटबॉल खेळतात बहुतेक. दोन बाजूंना उंचावर टोपल्या बांधलेल्या असतात, त्यात चेंडू टाकायचा."

"लय दीस चालतो का?"

"हिवाळाभर चालत असेल."

"दिनेसला आवडतो का त्यो?"

"ते मला कसं ठाऊक? त्यालाच विचारायला हवं."

नानांनी तांब्या उगाच जरा सरळ केला. मग त्यांनी फोन उचलून माझ्यापुढे धरला.

"मंग लाव. इचारायचं काम हाय."

मी लावला आणि त्यांच्या हातात दिला. तिकडे घंटी वाजत राहिली. मग दिनेशचा घाबरलेला आवाज आला, "बाबा? काय झालं? तुम्ही कसा काय फोन केलात? बरे आहात ना?"

"बरा हाय रं. काम व्हतं जरा." नानांनी फोन तांब्याला टेकवला, टोपी सारखी केली. "ते टोपलीत चेंडू टाकत्यात, त्यो खेळ तू बघतोस का?"

बाप-लेकांना मोकळं बोलू द्यावं म्हणून मी अलगद उठायला लागलो. नानांनी पडद्यावरची नजर न काढता माझ्याकडे हात केला आणि डोळे वटारले.

"हलू नको," ते पुटपुटले.

मी परत खांबाला टेकलो. त्या दिवशीही दुकान उशिराच उघडलं.