व्हिडिओ गेम आणि साखरबाईंचं ताट

साखरबाईंनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्या घासाला भिंतीपलीकडून कुणीतरी यंत्राच्या आईचा असा काही उद्धार केला, की त्यांच्या तोंडून "शिव शिव शिव!" असं निघून गेलं. त्यांनी ताटातल्या वरणभाताकडे एकदा पाहिलं, हात जोडले आणि त्या उठल्या.

"अहो आई, दोनच तर घास झालेत," हंसा, त्यांची सून, भाताचा डाव हातात धरून म्हणाली. "आणि देवाचंच नाव घेतलंत ना? ते काय बोलणं झालं?"

"तोंड उघडलं की बोलणं झालं. देवापुढं वकिली करू नगं, हंसा."

साखरबाईंचा चातुर्मास असा होता: दिवसातून एकदाच जेवायचं, पूजा आटोपून एक वाजता, आणि जेवताना मौन. मध्ये शब्द गेला, तर ताट सुटलं. मग पुन्हा अन्न दुसऱ्या दिवशी एक वाजता. कऱ्हाडकडून बोईसरला आल्याला त्यांना वीस वर्षं झाली होती, आणि या वीस वर्षांत ताट सुटलं होतं ते फक्त एकदा, शेजारणीच्या पाळण्यातलं मूल खाली येताना दिसलं तेव्हा.

भिंतीपलीकडे त्यांचाच गाळा होता. तो त्यांनी वर्षापूर्वी चिंचणीच्या देवूला भाड्याने दिला होता. देवूचं घराणं समुद्रावरचं. पण देवूला होडी किनाऱ्यावरून सुटली की मळमळायला लागे आणि बंदर दिसेनासं झालं की उलट्या होत. तीन मोसम त्याने असे काढले. शेवटी होडीतला आपला वाटा भावाला देऊन त्याने मुंबईहून व्हिडिओ गेमचं एक जुनं कपाटाएवढं यंत्र आणलं आणि ते साखरबाईंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं. भिंत अर्ध्या विटेची होती.

दुपारी देवू ओट्यावर येऊन उभा राहिला.

"आजी, मी काय करू? मान्सं कंपनीतली हायत. खेळाचा दांडा हातात आला का त्यांचं तोंड सुटतंच."

"मला त्यातलं काय ठावं न्हाई, बाबा." साखरबाई कधीच आवाज चढवीत नसत, त्यामुळे त्यांचं बोलणं फार स्पष्ट ऐकू येई. "चातुर्मास सरायच्या आत तुझ्या दुकानापायी माझं ताट आणखी एकदा सुटलं, तर गाळा मोकळा कर."

गाळा गेला म्हणजे पुन्हा होडी. देवूला ओट्यावर उभ्या उभ्याच थोडं मळमळलं.

एक वाजता यंत्र बंद ठेवावं, हा साधा उपाय होता. पण दुपारपाळीची माणसं साडेबाराला राइस प्लेट खाऊन येत आणि अडीचच्या बसने कंपनीत जात. देवूचं दुकान चालायचं ते तेवढ्यातच. म्हणून त्याने आधी पाटी लावली: 'येथे वाईट बोलू नये.' रामकिसन नावाचा रंगाच्या कारखान्यातला एक कामगार होता. शिव्यांमध्ये त्याचा हात धरणारा औद्योगिक वसाहतीत कुणी नव्हता. त्याने पाटी वाचून घेतली आणि तो खरोखरच गोंधळला.

"देवूभाई, गाली नहीं दूँगा तो बटन कैसे दबेगा?"

ही सगळी बोलणी झुंबर कोपऱ्यातल्या बाकावर बसून ऐकत होता. झुंबर कुंभवलीत राहायचा, कंपनीत पिंपांवर चिठ्ठ्या चिकटवायचा, आणि गणपतीत कामगारांचं नाटक बसलं की प्रॉम्प्टर असायचा. चौदा वर्षं त्याने विंगेत उभं राहून राजाची, राणीची, इन्स्पेक्टरची आणि मरणाऱ्या बापाची वाक्यं कुजबुजली होती. मोठ्याने एकही म्हणायला मिळालं नव्हतं.

"मध्येमध्ये ते दोन चेहरे समोरासमोर येतात ना," तो म्हणाला, "त्याच्याखाली लिहिलेलं काय असतं?"

"कोनाला ठाऊक? इंग्रजी पन नाय ते. बटन दाबला का जातं."

"ते त्यांचं बोलणं असणार. त्यांना बोलू द्या. माणूस ऐकायला लागला की त्याचं तोंड बंद राहतं. हे मी विंगेतून दरवर्षी पाहिलंय."

दुसऱ्या दिवशी झुंबर यंत्राच्या मागे, यंत्र आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन उभा राहिला, कारण उजेडात उभं राहून बोलायची त्याला सवय नव्हती. तिथून त्याला पडदा दिसत नव्हता. देवूने पुढून सांगायचं, "दरवाज्यावर एक भालेवाला आलाय," आणि झुंबरने पुढचं पाहायचं, असं ठरलं. खेळातल्या नायकाचं नाव त्याने झिपरू ठेवलं.

रामकिसनने पहिला टप्पा पार केला. दोन चेहरे आले. सवयीने त्याचा हात बटनाकडे गेला, आणि यंत्रातून एक जाड, दमलेला आवाज आला:

"ये, झिपरू, ये. तुला मारायचा हुकूम आहे मला. पण जेवून आलास का? उपाशी माणसाला मारायचा हुकूम नाही."

रामकिसनचा हात हवेतच राहिला.

"नाही जेवलो," यंत्र आता तरुण आवाजात म्हणालं. "आईनं भाकरी बांधून दिली होती. वाटेत एकजण माझ्याहून उपाशी भेटला."

"मग आता पंचाईत झाली. बस इथं. माझ्यातली अर्धी घे. खाऊन झालं की मारतो."

दुकानात पंधरा माणसं होती. पंधराही गप्प. त्यानंतर रामकिसनने त्या भालेवाल्याला मारलं खरं, पण मारताना तो शिवी द्यायची विसरला. उलट "माफ करना, भाई" असं काहीतरी पुटपुटला. पलीकडे साखरबाई नीट जेवल्या. हंसाने त्यांना दुसऱ्यांदा भात वाढला आणि त्यांनी हाताने 'आणखी थोडा' अशी खूण केली.

चार दिवस असे सुखाचे गेले. माणसांना कळलं होतं की झिपरू पडला तरी झुंबर काहीतरी बोलतो. एकदा पडताना तो म्हणाला, "आई, तवा उतरव. मला वेळ लागेल." झालं, त्या दिवशी जो तो दांड्यापाशी येऊन झिपरूला खड्ड्यात घालायला लागला. कुंभवलीचा मंगळ्या तर यंत्रासमोर उभा राहिला आणि कशालाच हात न लावता वाट पाहू लागला.

"मंगळ्या, खेळ की!"

"थांब रं. तो मरताना काय बोलतो ता ऐकू दे."

पाचव्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर दाढीवाला आला. देवूने पुढून सांगितलं, "दाढीवाला हाय, भगवा घातलाय." झुंबरने त्याला मधाळ आवाज दिला.

"बाळ झिपरू, मी तुझ्या आईचा, माईचा गुरुबंधू. राजाची माणसं तिच्या मागावर आहेत. ती कुठं लपलीय तेवढं सांग, म्हणजे मी तिला सावध करीन."

झिपरू म्हणाला, "सांगतो, महाराज. तुम्ही साधुपुरुष. माई आहे ती—"

"सांगू नगं रं! त्यो साधू न्हाई!"

हे यंत्र बोललं नव्हतं. हे भिंत बोलली होती. पंधरा माणसांनी भिंतीकडे पाहिलं. पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला.

देवूने पान्हा काढला आणि यंत्राचा पहिला बोल्ट ढिला करायला घेतला. तो दुसऱ्या बोल्टवर होता तेव्हा हंसा दारात आली.

"देवूभाऊ, आईंनी विचारलंय."

"काय सांगू त्यांना? उद्यापावेतो नेतो ह्यो डबा. चिंचणीला निरोप धाडतो, होडीत जागा ठेवा म्हनून."

"ते नाही. त्यांनी विचारलंय, त्यानं सांगितलं का?"

देवूला कळेना. यंत्राच्या मागून झुंबरने मान बाहेर काढली. "नाही सांगितलं. आवाज ऐकून थांबला तो."

"बरं," हंसा म्हणाली आणि निघाली.

"वैनी, गाळ्याचं काय म्हनल्या?"

"गाळ्याचं काही बोलल्या नाहीत. पण आज त्या उपाशी आहेत, एवढं ध्यानात ठेवा."

दुसऱ्या दिवशी झिपरू एका म्हाताऱ्याला नदी ओलांडून नेत असताना साखरबाई म्हणाल्या, "त्याच्या हातातली काठी बघ आधी!" आणि ताट सुटलं. त्याच्या पुढच्या दिवशी त्या काहीच म्हणाल्या नाहीत, नुसतं "आगं बाई!" म्हणाल्या, पण नियम तो नियम. संध्याकाळी तुळशीला पाणी घालायला जाताना त्यांनी कठड्याचा आधार घेतला, तो हंसाने पाहिला.

आता हंसा दुकानात आली ती पदर खोचूनच.

"झुंबरभाऊ, तुमचं बोलणं बिघडवा."

"म्हणजे?"

"म्हणजे नीट बोलू नका. ऐकावंसं वाटणार नाही असं बोला. तीन दिवस माणूस दुधावर आहे माझ्या घरात. आईंना काही झालं ना, तर गाळा त्या नाही, मी रिकामा करून घेईन."

"वहिनी, चौदा वर्षांत पहिल्यांदा मला कुणी ऐकतंय."

"ऐकतंय म्हणूनच उपाशी आहे!"

दुसऱ्या दिवशी त्याने जमेल तेवढं वाईट केलं.

"नमस्कार," भालेवाला म्हणाला.

"नमस्कार," झिपरू म्हणाला.

"ऊन आहे."

"हो. आहे."

"बरं, मग या."

रामकिसनने दोन टप्पे हे सहन केलं. तिसऱ्याला त्याने दांडा सोडला आणि आठ दिवस साठवलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं. त्यात यंत्र, यंत्राचा कारखाना आणि झुंबरचे पूर्वज असे सगळेच आले. बाकीच्यांनीही आपापली भर घातली. देवूने डोळे मिटले.

मग भिंतीपलीकडून साखरबाईंचा आवाज आला, थकलेला आणि काळजीतला.

"त्या झिपरूला काय झालंय? बरं न्हाई का त्याला?"

ओळीने चौथं ताट.

त्या संध्याकाळी देवूने जे करायला हवं होतं ते ठरवलं. एक ते दीड यंत्र बंद. दुपारपाळीची माणसं गेली तर गेली. होडीत बसून ओकण्यापेक्षा रिकाम्या दुकानात बसलेलं बरं, असा त्याने विचार केला. आणि दोन्ही नशिबात असलं तर तेही होईल, असाही केला.

पण दुसऱ्या दिवशी एकाला पाच कमी असताना त्याने यंत्राची वायर काढली, तरी माणसं गेली नाहीत.

"आजी बसली काय जेवायला?" मंगळ्याने हळूच विचारलं.

"बसतात आता."

"मग थांबू आमी. तिचं होऊ दे."

पंधरा माणसं अर्ध्या विटेच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पलीकडे पाट सरकला. ताट टेकलं. वाटी ठेवली गेली. मग बराच वेळ काहीच नाही.

"क्या कर रही हैं?" रामकिसन कुजबुजला.

"चित्राहुती घालतायत," झुंबर त्याच्याहून हळू म्हणाला. कुजबुजणं हा त्याचा धंदाच होता. "आता पहिला घास... दुसरा... तिसरा झाला... हंसावहिनी काहीतरी वाढतायत, डाव वाजला... भाजी घ्या, आजी... घेतली."

बाहेरून कुणी रिक्षाचा भोंगा वाजवला, तशी चार माणसं रस्त्यावर धावली आणि त्या रिक्षावाल्याला त्यांनी हात जोडून पुढे घालवला. मंगळ्याला खोकला आला, तो त्याने शर्टाची बाही तोंडात कोंबून तसाच गिळला. ताकाची वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला तेव्हा अर्ध्याअधिक माणसांच्या कपाळावर घाम होता. आणि मग भांड्यातलं पाणी पडलं. साखरबाईंनी आचवलं होतं.

कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले होते. देवूने ते धरले.

पाच मिनिटांनी साखरबाई स्वतः दुकानाच्या दारात आल्या. वर्षभरात त्या पहिल्यांदाच तिथे येत होत्या. माणसांनी चपला बाजूला सारल्या. रामकिसनने बाक पुसला, मग आपल्या रुमालाने पुन्हा पुसला.

"जेवले मी," त्या बाकावर टेकत म्हणाल्या. "आता सांगा. माई सापडली का त्यांना?"

देवूने वायर लावली. झुंबर घाईघाईने फटीत शिरला. पडदा उजळला, आणि साखरबाई जरा पुढे वाकल्या.

"ह्यात झिपरू कंचा?"

"ये, आजी!" रामकिसनने अभिमानाने काचेवर बोट टेकवलं. "लाल वाला."

बोटाखाली एक बोटभर लाल प्राणी जागच्या जागी टुणटुण उड्या मारत होता. साखरबाई त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. तो उडायचा थांबेना.

"ह्यो? ह्यानं त्या म्हाताऱ्याला खांद्यावर घेतलं?"

गेले आठ दिवस झुंबर बोलायला लागला की सगळे भिंतीवरच्या दिव्याकडे नाहीतर आपल्या चपलांकडे पाहत ऐकत असत. पडद्याकडे असं नीट पाहायची वेळ त्यांच्यावरही आली नव्हती.

"आन् माई?"

रामकिसनने दुसरं बोट टेकवलं, पण आता जरा बिचकत.

"हिला मिशा हायत," साखरबाई म्हणाल्या.

"आजी," यंत्राच्या मागून झुंबरचा अगदी बारीक आवाज आला, "मला इथून पडदा दिसत नाही."

"ते बरं हाय, बाबा. बघू बी नगंस." त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

देवू दाराशी आडवा आला. "आजी, मंग... गाळा?"

"गाळा असू दे तुला. माझं जेवण होईस्तोवर ह्यो डबा गप ठेवायचा. दीड वाजता मी पलीकडं पाट टाकून बसते, तवा चालू करा. पन मला हितं पुन्यांदा बोलवू नगं."

"का, आजी? हितं येऊन बसा ना आरामात. बाकडा तुमचाच."

साखरबाईंनी पायरी उतरता उतरता एकदा मागे, त्या उड्या मारणाऱ्या लाल ठिपक्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"नगं. भिंतीपलीकडनं चांगला उंचापुरा दिसतो पोरगा."