ढोमणेकाकांचं आवक-जावक

आमच्या शेजारच्या ढोमणेकाकांच्या घरात बाहेरून जो कागद येतो, त्यावर शिक्का बसतो. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, नाही तर कूलर दुरुस्तीवाल्याचं हस्तपत्रक असो. वर निळ्या शाईत ‘आवक’, खाली क्रमांक, तारीख आणि काकांची सही. माझ्या मुलीच्या बारशाचं आमंत्रण द्यायला मी गेलो, तेव्हा काकांनी ते उभ्या उभ्या वाचलं, शिक्का मारला, रजिस्टरमध्ये चढवलं आणि मला म्हणाले, “ठीक आहे. कळवू.” आमच्या दोन घरांमध्ये दहा फुटांचं अंतर आहे. तिसऱ्या दिवशी टपालाने कार्ड आलं : ‘आपल्या पत्रान्वये दोन इसम उपस्थित राहतील.’

काका एका सरकारी खात्यात छत्तीस वर्षं आवक-जावक लिपिक होते. निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, काका शिक्का घेऊन आले. चोरून नाही हं. “जुना झाला होता, निर्लेखित झाला,” ते सांगतात, म्हणजे दफ्तराच्या यादीतून बाद झाला. निर्लेखित कोणी केला विचारलं की म्हणतात, “मीच केला न बावा! मंग कोन करंल?”

काकांचा आयुष्यात एकाच गोष्टीवर विश्वास आहे. कागद कधी हरवत नाही, तो कोणत्या ना कोणत्या टेबलवर असतो. काकूंचा चष्मा सापडेना, तरी काका विचारतात, “शेवटी कोनत्या टेबलवर होता?”

तर अशा या माणसाचा एकुलता एक मुलगा पंकज अमेरिकेत गेला, आणि त्याची फाईल अडकली. आता याला दैवगती म्हणावं की अमेरिकेला कोणाचा तरी तळतळाट लागला म्हणावं, मला ठरवता आलेलं नाही.

प्रकरण असं. पंकजने तिथं कायम राहण्याचा अर्ज केला. त्याचा निकाल लागेपर्यंत तो ना धड तिथला, ना धड इथला. मधल्या काळात देशाबाहेर पाऊल टाकायचं तर वेगळा प्रवास-परवाना घ्यायचा. तो न घेता निघालात, तर मूळ अर्ज तुम्हीच सोडून दिलात असं धरतात. म्हणून पंकजने परवान्यासाठीही अर्ज टाकला. तेव्हा त्याला घर सोडून पाच वर्षं झाली होती.

त्या परवान्याला तिकडे ‘परोल’ म्हणतात, हे पंकजने फोनवर सांगितलं मात्र, काकूंनी भिंत धरली. नागपुरात परोल कोणाला मिळतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. “अवो, पोट्टा जेलमंदी आहे का?” त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. शेवटी काकांनी फाईलवर मोठ्या अक्षरात ‘प्रवास-परवाना’ लिहिलं आणि घरात तो दुसरा शब्द उच्चारायला बंदी घातली.

मग काकांनी सूत्रं हाती घेतली. रविवारी सकाळी अमेरिकेचा फोन आला की ते पहिला प्रश्न विचारत, “फाईल कोनत्या टेबलवर आहे?”

“बाबा, इथं टेबल नसते. सगळं ऑनलाइन असते.”

“ऑनलाइनबी कोनाच्या तरी टेबलवरच असंल न! तू जाऊन उभा राह्य गा. माणूस उभा दिसला की फाईल सरकते. आन् संत्रा बर्फी घेऊन जाय, म्या मागच्या वेळी पाठवली होती.”

यावर पंकज तिकडून काय पुटपुटे ते मला ऐकू येत नसे, पण काका फोन ठेवून म्हणत, “पोट्ट्याले कचेरीचं वळणच नाही.”

माझं नागपुरातल्या सदर भागात झेरॉक्सचं दुकान आहे. त्यामुळे या सगळ्या राज्यकारभारात माझी वर्णी लागली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी काका आमच्या वाडी भागातून माझ्या स्कूटरवर मागे बसून सदरला येत, मांडीवर फाईल, नाकावर रुमाल, बाजूने ट्रक धूर सोडत चाललेले. दुकानात ते स्मरणपत्र काढत. मजकूर शुद्ध सरकारी मराठीत : ‘महोदय, उपरोक्त विषयान्वये…’ मी एकदा म्हटलं, “काका, अमेरिकेत मराठी कोण वाचणार?” तर माझ्याकडे कीव केल्यासारखं बघून म्हणाले, “एवढा मोठा देश आहे. भाषांतर शाखा नसंल का?”

प्रत्येक स्मरणपत्राच्या तीन प्रती. एकीचा फोटो पंकजला, म्हणजे त्याने वकिलाला द्यायचा. एक फाईलला. तिसरी काकूंना. काकू ती देव्हाऱ्यात बाळकृष्णाखाली ठेवत. माझ्या मते तिन्हींपैकी खऱ्या अर्थाने सादर झालेली तेवढी एकच.

मी गल्लीत याच्या गमती सांगायचो. आज काकांनी व्हाइट हाऊसला कारणे दाखवा नोटीस काढली, वगैरे. लोक हसायचे, मीही हसायचो. काकांना कोणी विचारलं, “मग, पंकज कधी येऊन राहिला?” की त्यांचं उत्तर ठरलेलं. “फाईल चालू आहे.” आणि काकू दरवर्षी मार्च लागला की वरच्या खोलीतल्या कूलरला नवा वाळा लावून घ्यायच्या. त्या खोलीत कोणी राहत नाही. पण पंकजला उकाडा सहन होत नाही, आणि यंदा तर परवाना काय, उद्याही येईल, असा त्यांचा हिशेब. गुडघे धरून त्या जिना चढत आणि टाकीत पाणी आहे का ते बघून येत.

यंदा मे महिन्यात काका बाथरूममध्ये घसरले आणि पाय प्लास्टरात गेला. स्मरणपत्राचा सोमवार जवळ आलेला. त्यांनी मला घरीच बोलावलं. पलंगावर लोड लावून बसले होते. काकू खुर्ची घेऊन शेजारी.

“लिही,” काका म्हणाले. “महोदय. अकरावे स्मरणपत्र.”

मी गंभीर चेहरा करून लिहायला लागलो. दोन ओळी झाल्यावर काकू म्हणाल्या, “थांब गा विजू, पन्हं आणतो,” आणि स्वयंपाकघरात गेल्या.

“जावक नंबर टाक,” काका म्हणाले. “रजिस्टर कपाटात आहे.”

मी रजिस्टर काढलं. जावकची पानं शोधताना आवकची उघडली. फेब्रुवारीतली एक नोंद होती, काकांच्या अक्षरात. प्रेषक : पंकज. विषय : प्रवास-परवाना मंजूर. पुढे फाईलचं पान. माझ्या हाताने आपोआप शेजारची फाईल उघडली. कागद इंग्रजीत होता, पंकजचा फोटो, मंजुरी, वर्षभराची मुदत. वर काकांचा शिक्का, क्रमांक आणि तारखेसह. पंकजने फोनवर पाठवलेला तो कागद माझ्या दुकानात छापलेला नव्हता. आमचा कागद इतका जाड नसतो. आयुष्यात पहिल्यांदा काका दुसऱ्याच्या दुकानात गेले होते. सगळ्या जगापासून लपवायचा तो कागद त्यांनी लपवलाही असता, पण बिनशिक्क्याचा, बिननोंदीचा कागद घरात ठेवणं त्यांच्या हातून होणार नव्हतं.

खाली हिरव्या शाईत शेरा होता : ‘मंजुरी प्राप्त. तथापि परत प्रवेश मिळेल किंवा कसे, याबाबत अर्जदार साशंक. त्याचे म्हणणे रास्त. मातोश्रींस कळवू नये. प्रकरण प्रलंबित ठेवावे.’

फेब्रुवारीनंतर माझ्या दुकानात तीन स्मरणपत्रं झाली होती. तिन्हींची मी गल्लीत टिंगल केली होती.

मी वर बघितलं. काका माझ्याकडेच बघत होते.

“पाहून काय राहिला? नंबर टाक न.”

“काका…”

“वकील म्हन्ते जाऊ नका,” काका हळू आवाजात म्हणाले. “कागद असूनबी दारातून वापस पाठवू शकतात म्हन्ते. तसं झालं त त्याची नोकरी गेली, त्याच्या लेकराची शाळा गेली. पंक्या रडत होता फोनवर. म्या म्हटलं, नको येऊ.”

“मग काकूंना सांगायचं ना.”

“काय सांगू? कागद नाही आला म्हटलं त थे सरकारवर चिडते. कागद आला म्हटलं त पोरगाच येत नाही म्हनून आतल्या आत चूप बसंल.” त्यांनी लोड सरळ केला. “सरकारवर चिडू दे. सरकारले सवय असते. म्या छत्तीस वर्सं खिडकीत बसून खाल्ल्या न शिव्या.”

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी या माणसाचे किस्से सांगत आलो होतो आणि हा माणूस पोरावर येणारा राग दर महिन्याला एका अख्ख्या परक्या सरकारवर वळवत बसला होता. मी फाईल बंद केली आणि जावक नंबर टाकला.

काकू पन्हं घेऊन आल्या. ग्लास माझ्या हातात देऊन पत्राकडे वाकून बघायला लागल्या.

“झालं का लिहून? जरा कडक लिही गा. किती दिवस अडवतात म्हणा माणसाले!”

“लिही,” काका भिंतीकडे बघत म्हणाले. “कडक लिही.”

मी लिहिलं. अर्जदाराची आई सहा वर्षांपासून वाट बघत आहे, सबब विलंबाचे कारण तात्काळ कळवावे, असं जमेल तेवढं कडक लिहिलं. काकूंनी ते दोनदा वाचून घेतलं.

“आता होईल न गा, विजू?”

“टेबलवर आहे काकू,” मी म्हटलं. “कागद हरवत नाही.”

काकूंनी मान हलवली, रिकामा ग्लास उचलला आणि गुडघे धरून वर कूलरमध्ये पाणी आहे का बघायला गेल्या.