ग्रिझलीने न चोरलेली गाडी

“आज कळू दे या पोरांना, खरं रॅप कशाला म्हणतात ते!” अशी गर्जना करून सेड्रिक मेफील्डने शर्टाची बटणं लावायला घेतली, आणि तिसऱ्या बटणाशी घोडं अडलं.

शर्ट चौऱ्याण्णव सालचा. त्या काळी ब्राँक्समध्ये कपडे तीन मापं मोठे घालायची रीत होती. त्या शर्टात तेव्हा सेड्रिक मावून वर आणखी एक सेड्रिक मावला असता! मधल्या तीस वर्षांत तो दुसरा सेड्रिकही येऊन दाखल झाला होता, त्याला बटण बिचारं काय करणार?

“श्वास सोडू नकोस,” बायको योलांडा म्हणाली. “बटण उडालं तर कुणाचा तरी डोळा जाईल, आणि चष्मा तुलाच फुकट द्यावा लागेल.”

कारण सेड्रिक चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दिवसभर म्हाताऱ्याकोताऱ्यांना अंधारात बसवून “हे अक्षर दिसतंय? बरं, आता दिसतंय?” असं मऊ आवाजात विचारायचं, हा त्याचा धंदा. पण एके काळी तो ‘ग्रिझली’ होता! अस्वलाचं नाव घेऊन माइकसमोर उभा राहायचा आणि गल्ली हादरवायचा. निदान त्याचं म्हणणं तरी असं होतं.

त्याची मुलगी किआना, वय सतरा, हिचा यावर काडीचा विश्वास नव्हता. “डॅड, तू आणि रस्त्यावरचा गुंड? तू तर लाल दिव्याला रिकाम्या रस्त्यावरही थांबतोस!” आता सप्टेंबरात ती कॉलेजला दूर निघायची होती. जाण्यापूर्वी पोरीने एकदा, फक्त एकदाच आपल्याकडे मान वर करून बघावं, एवढीच सेड्रिकची इच्छा होती. बाप झालं की माणूस कशाला हपापेल सांगता येत नाही.

आणि संधी चालून आली. ऑगस्टातल्या शनिवारी रस्त्याच्या दोन्ही टोकांना लाकडी अडसर लावून गल्लीची ब्लॉक पार्टी होते, ती यंदा ‘नव्वदीची आठवण’ म्हणून ठरली. सेड्रिकने कपाटाच्या तळातून त्याची एकुलती एक कॅसेट काढली आणि ऑटिसकडे धाव घेतली.

ऑटिस म्हणजे त्याचा तेव्हाचा जोडीदार. सेड्रिक बोलायचा, ऑटिस मागे उभा राहून तबकड्या फिरवायचा. स्वभावाने गरीब गाय. सध्या चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायचं काम करत होता. कॅसेट बघून त्याने तोंड कसनुसं केलं.

“दुसरं काहीतरी लावू या ना, सेड. हे गाणं नको.”

“का नको?”

“जुनंय रे. लोकांना कशाला त्रास?”

“अरे, जुनं म्हणूनच तर लावायचं!”

ऑटिसने मुकाट्याने कॅसेट खिशात टाकली. वाद घालणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

दुपारी सगळी गल्ली रस्त्यावर. मुलं पाण्याच्या नळाखाली नाचतायत, मक्याची कणसं भाजतायत, म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसल्यात. सेड्रिकने कॅसेट लावायला सांगितली आणि पोट आत घेऊन उभा राहिला. भोंग्यांतून सतरा वर्षांच्या ग्रिझलीचा घोगरा केलेला आवाज घुमला:

“ईस्टरची सकाळ, घंटा घणघणल्या,
मरून रंगाच्या गाडीच्या काचा खणखणल्या!
ग्रिझली आला, ऐटीत बसला,
मालक आत देवापुढे फसला!”

पोरं वेडी झाली! “काका, एक नंबर!” “काका, खरंच चोरली होती?” सेड्रिकने खांदे उडवले, जणू असल्या गाड्या तो न्याहारीला खायचा. “काय करणार, बाळांनो. तेव्हा रस्त्याचे दिवसच तसे होते.”

आणि किआना बघत होती! मान वर करून! “डॅड?” ती म्हणाली. “तू?” त्या ‘तू’मध्ये असा काही आदर होता की सेड्रिकला आभाळ ठेंगणं झालं. तिसरं बटण तेवढ्यात उडालं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता खरी गोष्ट सांगायची तर सेड्रिकने जन्मात गाडी सोडा, सायकलची घंटीसुद्धा चोरली नव्हती. पण त्या काळी गाण्यात एखादा गुन्हा नसला तर तुम्हाला विचारतो कोण? “मी आईचं ऐकतो, वेळेवर झोपतो” यावर कोण नाचणार? त्या वर्षी ईस्टरला गल्लीतली एक गाडी खरोखरच चोरीला गेली होती. चोर काही सापडला नव्हता. म्हणजे चोराची जागा रिकामी होती, ती सेड्रिकने भरली. सगळेच असं करायचे. फक्त एवढंच झालं, की बाकीचे गाण्यात दुसऱ्या गल्लीतल्या गाड्या चोरायचे.

काठीचा ठक ठक आवाज आला. गाणं अर्ध्यातच बंद झालं. टेपरेकॉर्डरच्या बटणावर काठीचं टोक, आणि काठीच्या दुसऱ्या टोकाला मिस अर्नेस्टीन! वय ऐंशीच्या पुढे, गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्ष. ती मरून रंगाची गाडी त्यांचीच.

“सेड्रिक,” त्या म्हणाल्या. “माझी गाडी कुठाय रे?”

“मिस अर्नेस्टीन, अहो, ते गाणं आहे नुसतं...”

“तीस वर्षं माझ्या दारावरून जातोयस. ‘तब्येत कशी आहे, चष्मा कसा आहे’ विचारतोयस. मेल्या, गाडीत बसून विचारायचास की!”

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. कणसांपाशी ती पोचली तेव्हा गाड्या तीन झाल्या होत्या. सरबतापाशी पोचेपर्यंत सेड्रिकने बँक लुटली होती! एक बाई नाकावरचा चष्मा काढून त्याच्या हातात देत म्हणाली, “ही फ्रेमसुद्धा चोरीचीच का हो?”

त्यात सार्जंट ओकासिओ आले. निवृत्त पोलीस. अंगात एप्रन, हातात सॉसेज उलटायचा चिमटा. गाडीचा तपास त्यांच्याकडेच होता आणि नोकरीभरात न लागलेला तो एकच तपास, हे ते झोपेतही बायकोला सांगायचे.

“घाबरू नकोस,” सार्जंट चिमटा रोखून म्हणाले. “कायद्याने खटला भरायची मुदत केव्हाच संपली. तुला आता कुणी हात लावणार नाही. फक्त सांग, काच कशाने फोडलीस? बाईंनी जबाबात म्हटलं होतं काच फोडली. महिनाभर त्या जागी मी रांगत काचा शोधल्या! एक तुकडा मिळाला नाही. कसं केलंस?”

“कायद्याची मुदत संपली असेल,” मिस अर्नेस्टीन म्हणाल्या, “माझी नाही संपली.” मग नवऱ्याच्या आठवणीने त्यांचा आवाज एकदम खाली आला. “गाडीचं काय घेऊन बसलात. रूझवेल्ट त्या गाडीत बसून मोठमोठ्याने गायचा. गाडी गेली, दोन वर्षांनी तोही गेला. फोटो आहेत ढीगभर. पण आवाज आता आठवत नाही मला. तेवढी गाडी दारात असती तर आठवला असता, असं आपलं वाटतं.”

खोटा मान गेला खड्ड्यात! “मी नाही चोरली!” तो ओरडला. “मी बढाई मारली! मी तर त्या वेळी चर्चमध्ये होतो!”

आणि इथेच पंचाईत झाली. कुणी विश्वासच ठेवेना!

“सगळे चोर चर्चमध्येच असतात,” सार्जंट थंडपणे म्हणाले. “साक्षीदार?”

“माझी आई!”

“कुठे आहेत त्या?”

“स्वर्गात.”

“सोयीचं आहे,” सार्जंट म्हणाले.

किआना जवळ आली. “डॅड, आता माघार नको घेऊस ना. केलंस तर केलंस म्हण. त्यात काय, मी आहे तुझ्या बाजूने.” आता या पोरीला काय सांगावं? आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्या बाजूने उभी होती, आणि तीही त्याने न केलेल्या चोरीसाठी.

योलांडा मात्र शांतपणे म्हणाली, “हा? हा गाडी चोरेल? याला अजून दोन गाड्यांच्या मध्ये गाडी उभी करता येत नाही!” पण बायकोची साक्ष कोण धरतो?

सार्जंटनी हात वर केला. “गाणं पुन्हा लावा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. पूर्ण जबाब ऐकू दे.”

“कशाला उगाच...” ऑटिस पुटपुटला. त्याला दरदरून घाम फुटला होता. पण काठी वर उचललेली पाहून त्याने बटण दाबलं.

गाणं वाजलं, संपलं. खरखर सुरू झाली. ती कुणी थांबवली नाही. आणि खरखरीतून एकाएकी पेटीचे सूर आले आणि एका बाईचा खणखणीत आवाज:

“ईस्टर आहे आज, जरा उत्साहाने! सेड्रिक बाळा, आता तुझा वरचा सूर. लाजू नकोस, मागच्या वेळी कोंबडीचं पिल्लू वाटलास. आणि ऑटिस कुठाय? आजही दांडी?”

सेड्रिक थिजला. आई! तेव्हा कोरी कॅसेट विकत घ्यायला पैसे कुठले? चर्चमध्ये भजनं बसवणाऱ्या आईची कॅसेट ढापायची, भरलेल्या कॅसेटवर पुन्हा भरता यावं म्हणून वरच्या भोकात कागदाचा बोळा कोंबायचा आणि तिच्यावर आपलं गाणं चढवायचं! गाणं छोटं होतं. खाली राहिलेला ईस्टर तसाच शिल्लक होता.

मग पातळ, मंजुळ, थरथरता असा एक सूर निघाला. ग्रिझलीचा! मुलींच्याही वर! पोरांनी पोटं धरली. आणि त्या सुराच्या खाली एक भरदार, जाड आवाज हळूहळू येऊन उभा राहिला. मिस अर्नेस्टीननी काठी बाजूला ठेवून भोंग्याला कान लावला.

“रूझवेल्ट,” त्या म्हणाल्या.

गाणं रंगात आलं असतानाच कॅसेटमध्ये दार आपटलं, कुणीतरी ओरडलं, “अहो, बाहेर तुमची गाडी नाही!” आणि तोच जाड आवाज, माइकच्या अगदी जवळून: “अर्नेस्टीन! चावी पुन्हा गाडीतच ठेवलीस ना गं?”

म्हणजे तीस वर्षांपूर्वी काच फुटलीच नव्हती! सगळ्यांचे डोळे मिस अर्नेस्टीनकडे वळले.

“महिनाभर,” सार्जंट हळूच म्हणाले, “महिनाभर मी काचा शोधत होतो.”

“तुम्ही आधी गप्प बसा!” मिस अर्नेस्टीन डोळे पुसत, हसत, रडत म्हणाल्या. “ऑटिस, पुन्हा लाव. तो मला रागावतोय ना, तिथपासून लाव.”

मग काय! नव्वदीची आठवण राहिली बाजूला. सूर्य कलेपर्यंत ब्राँक्सच्या त्या गल्लीत ईस्टरची भजनं वाजली आणि प्रत्येक वेळी तो वरचा सूर आला की पोरं टाळ्या पिटून ओरडायची, “पिल्लू! पिल्लू!” ग्रिझली तिथेच वारला. सेड्रिक तोंड लपवायला वायरी गुंडाळू लागला.

ऑटिस शेजारी येऊन उकिडवा बसला. “सेड,” तो कुजबुजला, “सार्जंट म्हणाले ते खरंय ना? मुदत संपली म्हणून?”

“हो. का?”

ऑटिस मान खाली घालून वायरीची गाठ सोडवत राहिला. सेड्रिकच्या हातातली वायर गळून पडली.

“तू?!”

“हळू बोल रे! चावी होती आत. एक चक्कर मारून परत ठेवणार होतो. पुलापलीकडे पेट्रोल संपलं. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर तिथेही नव्हती.”

“अरे गाढवा, मी गाणं म्हणत होतो तेव्हा तू माझ्या मागे तबकडी फिरवत होतास! तेव्हा का नाही बोललास?”

“तू इतका रंगात आला होतास,” ऑटिस म्हणाला. “आणि म्हटलं, पकडलं तर तुलाच पकडतील.”

सेड्रिकने पडलेली वायर उचलून त्याच्या अंगावर भिरकावली. तेवढ्यात किआना आली आणि सेड्रिकजवळ पायरीवर टेकली.

“डॅड, मग तुमच्यापैकी कुणीच काही केलं नव्हतं? सगळं खोटंच?”

सेड्रिकने ऑटिसकडे पाहिलं. ऑटिसने डोळे मिटून घेतले होते, बहुधा प्रार्थना चालू होती. तिकडे मिस अर्नेस्टीन कितव्यांदा तरी नवऱ्याची बोलणी खात होत्या आणि खुशीत होत्या.

“नाही गं,” सेड्रिक म्हणाला. “आम्ही नुसतेच गायचो.”

“गायचास छान पण,” किआना म्हणाली. “तो वरचा सूर. जाताना मला त्या कॅसेटची प्रत करून दे.” आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

पण खोटं कशाला बोला, मनात खोल कुठेतरी ग्रिझली अजून गुरगुरत होता. आयुष्यात पहिल्यांदा सांगण्यासारखा एक खरा गुन्हा हाती लागला होता, आणि तो सांगायची सोय नव्हती!