वर्षाला अर्धा इंच

त्या रविवारी सोमनाथराव बोरुडे घरातून निघाले ते जास्वंदीचं रोप आणायला, आणि परत आले ते जुनिपर घेऊन. चूक म्हणावी तर एवढीशीच. पण ती निस्तरण्यात पुढची आठ वर्षं गेली.

बीड बायपासवरच्या नर्सरीवाल्याने त्यांना फसवलं म्हणावं, तर तसंही नाही. त्याने सगळं स्वच्छ सांगितलं होतं.

"साब, ये देवदार का चचेरा भाई समझो. मगर बुटका है. साल में आधा इंच बढ़ता, जिंदा रहा तो."

"आणि नाही राहिला तर?"

"तो नई बढ़ता. नखरेवाला है साब. धूप में रखे तो रूठता, छाँव में रखे तो रूठता. पानी जास्ती दिए तो सीधा मरता."

सोमनाथराव पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. पंचवीस वर्षांत अकरा साहेबांचे रुसवे काढलेला माणूस. एका कुंडीतल्या झाडाचा रुसवा तो काय! त्यांनी कुंडी मांडीवर घेतली आणि रिक्षात बसले.

"जास्वंद कुठंय?" त्यांच्या बायकोने, सरिताने, दारातच विचारलं.

"त्याहून भारी वस्तू आणलीय."

"फुलं कसली येतात याला?"

"फुलं नाही येत."

"फळं?"

"नाही."

"मग सावली तरी?"

सोमनाथरावांनी त्या वीतभर झाडाकडे पाहिलं. "पडेल की. एखाद्या मुंगीला."

पहिल्याच मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकला आणि जुनिपरची टोकं पिवळी पडायला लागली. पहाडातला जीव तो, त्याला सिडकोतलं ऊन कसं सोसावं? सोमनाथरावांनी बेडरूमचा कूलर ओढत दारापुढच्या ओट्यावर नेला आणि झाडाकडे तोंड करून लावला. सरिताने दोन दिवस पुठ्ठ्याने वारा घेतला. तिसऱ्या दिवशी तिने आपली सतरंजी आणि उशी ओट्यावर नेली आणि कुंडीच्या शेजारी आडवी झाली. "गार हवा जिथं, तिथं मी," एवढंच म्हणाली. शेजारच्यांनी खिडकीतून पाहिलं, तसा कूलर परत आत आला. झाडाला हिरवी जाळी बांधण्यावर तडजोड झाली.

लेक सायली तेव्हा तिसरीत होती. दर वाढदिवसाला तिची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडायची पद्धत होती. सोमनाथरावांनी शेजारीच जुनिपरची उंची मांडायला सुरुवात केली. सायलीच्या खुणा चौकट चढत गेल्या. जुनिपरच्या खुणा एकमेकींच्या अंगावर बसल्या. (एका वर्षी तर तो दोन दोरे, म्हणजे पाव इंच, कमी भरला. माती दबली असणार, असं सोमनाथरावांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.) पण झाड जगलं होतं. ऑफिसात कोणी पोरांची, प्लॉटची गोष्ट काढली की सोमनाथराव हळूच जुनिपरची काढत.

आणि मग आठव्या वर्षी, जुलैत, आप्पासाहेब आले.

आप्पासाहेब म्हणजे सरिताचे वडील. वैजापूरकडचे शेतकरी, कपाशी आणि कांद्यात हयात गेलेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला लेकीकडे उतरले होते. ऑपरेशनला चार दिवस अवकाश होता, आणि सोमनाथराव नेमके तीन दिवस पैठणला ऑफिसच्या कामाला गेलेले. रिकाम्या बसलेल्या शेतकऱ्याची नजर, आणि तीही मोतीबिंदूची, कुंडीवर गेली.

"सरिता, हे झाड कितीक दिसाचं?"

"आठ वर्षांचं."

"आठ वर्ष?" आप्पासाहेब हादरले. "अन् एवढंच? पार खुंटलंय की गं! जावईबापूंना कळंना का? उपाशी मारलंय त्याला."

आणि त्यांनी मोठ्या मायेने दोन मुठी युरिया कुंडीत घातला.

सोमनाथराव परत आले तेव्हा झाडाची डावी बाजू विटकरी झाली होती. नर्सरीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, पाणी ओता, खत धुऊन काढा, लई पाणी ओता. सोमनाथरावांनी पाइप लावला आणि ओतलं. कुंडीच्या खालून पाणी वाहून फाटकाबाहेर गेलं, गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. टाकी तळाला लागली. नळाला पाणी यायला अजून पाच दिवस होते.

"आता पोळ्यांची कणीक कशात भिजवू?" सरिताने विचारलं. "डोळ्यातल्या पाण्यात?"

दुसऱ्या दिवशी सासरा आणि जावई, दोघं खांद्यावर टॉवेल टाकून, एकमेकांशी चकार शब्द न बोलता, शेजाऱ्यांकडे आंघोळीला गेले. तिथे "तुम्ही आधी" म्हणायचीसुद्धा पंचाईत.

अबोला लांबला. ऑपरेशन झालं, तरी अबोला होताच.

"सायली, आजोबांना सांग, डोळ्यात थेंब टाकायची वेळ झाली."

"सायली, तुझ्या पप्पाला सांग, टाकलेत म्हणावं."

"मी अकरावीत आहे," सायली म्हणाली, "पोस्टात नाही."

पण सोमनाथरावांना एक गोष्ट दिसत होती. रोज सकाळी आप्पासाहेब काळा गॉगल लावून कुंडीशेजारी खुर्ची टाकत. माती बोटाने चाचपत. ऊन सरकलं की जाळी सरकवत. वैजापूरला परत जायची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली. एकदा सरिता म्हणाली, "आप्पा, झाडच आहे ते." तर म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "आठ वर्षाचं व्हतं गं. अन् मी दोन मुठीत..." बोटं परत मातीत गेली. सोमनाथरावांनी आतून ऐकलं आणि पेपर तोंडासमोर धरला.

सप्टेंबरात एका सकाळी ओट्यावरून हाक आली. मध्ये सायली नाही, कोणी नाही.

"सोमनाथराव! पळा! कोंब!"

सोमनाथराव अर्धी दाढी तशीच ठेवून धावले. चष्मा लावूनही त्यांना काही दिसेना. आप्पासाहेबांनी ऑपरेशनच्या नव्या डोळ्याने हेरून, नखाच्या टोकाने दाखवलं. वाळलेल्या बाजूच्या बुडाशी एक हिरवा ठिपका होता. मोहरीएवढा.

"दिसला ना?"

"दिसला," सोमनाथराव म्हणाले. दिसला नव्हता. पण आप्पासाहेबांचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

जानेवारीत शहरातल्या एका बागप्रेमी मंडळाने प्रदर्शन भरवलं, तेव्हा आप्पासाहेब वैजापूरहून मुद्दाम आले, आणि जुनिपर घेऊन दोघं बरोबर गेले. वाळलेली बाजू छाटल्याने झाड एकीकडे कललेलं होतं. पण आठ वर्षांची तपश्चर्या ती! सोमनाथरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आप्पासाहेबांनी नवी टोपी. फॉर्मवर 'बुटकी झाडे' असा गटच नव्हता. कार्यकर्त्याने कुंडीकडे एकदा पाहिलं आणि तिची रवानगी एका टेबलावर केली.

परीक्षक बाई आल्या. वाकून पाहिलं. "छान आहे हं. जोर धरतंय. पावसाळ्यात लावलं का?"

"बाई, आठ वर्ष झाले," आप्पासाहेब म्हणाले.

"आजोबा, मी झाडाचं विचारतेय. नातवाचं नाही."

टेबलावरची पाटी दोघांनी तेव्हा कुठे वाचली: 'नवी रोपे, वय एक वर्षाच्या आत.' सोमनाथराव तोंड उघडणार तोच आप्पासाहेबांनी त्यांचा शर्ट मागून ओढला. "ऱ्हाऊ द्या. नंबर येतोय."

नंबर आला. उत्तेजनार्थ. 'होतकरू रोप' असं प्रमाणपत्र, आणि बक्षीस म्हणून मेथीच्या बियाण्याचं एक पाकीट.

मेथी आप्पासाहेबांनी त्याच संध्याकाळी जुन्या टबात पेरली. तिसऱ्या दिवशी उगवली. महिन्याच्या आत सरिताने भाजी केली. लसणाची फोडणी घातलेली, ज्वारीच्या भाकरीबरोबर. सोमनाथरावांनी ताटातली भाजी चाटूनपुसून संपवली. मग ताट पुढे केलं.

"वाढ की अजून थोडी."

"मी वाढतेय हो," सरिता पळी उचलत म्हणाली. "हेच जरा बाहेर जुनिपरला सांगून या."